टॅनफोरान: रेसकोर्स, छावणी आणि मॉल

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो नावाचे शहर आहे. तिथल्या ‘टॅनफोरान’ या जागेवर १८९९ मध्ये घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि १९७१ मध्ये मॉल उघडला. मधल्या काळात, १९४२ साली, साडेपाच महिने तिथे अमेरिकी लष्कराने जपानी वंशाची सुमारे आठ हजार माणसे कुंपणाआड ठेवली होती आणि त्यांतली बरीच घोड्यांच्या पागांत राहत होती. मॉल उघडला तेव्हा जमिनीवर याची कोणतीही खूण नव्हती. स्थानबद्धांच्या आठवणीला पुढे जागा कशी मिळाली, ती मॉलच्या आवारात न मिळता शेजारच्या रेल्वे स्थानकावर का मिळाली, आणि कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय घेता आला असता, हे या प्रकरणात पाहायचे आहे. स्मारकासाठी झटलेल्या लोकांची नावे दिलेली नाहीत. सार्वजनिक इतिहासात ज्यांची नोंद आहे तीच नावे येतात.

पार्श्वभूमी

ही जमीन मेक्सिकन काळातल्या रँचो बुरी बुरी या मोठ्या जहागिरीचा भाग होती. जहागीर होसे अँतोनियो सांचेझ यांची. त्यांच्या नातजावयाचे नाव तोरिबिओ टॅनफोरान, आणि रेसकोर्सला तेच नाव पडले. ४ नोव्हेंबर १८९९ रोजी इथे पहिल्या शर्यती धावल्या.

दहाच वर्षांत धंदा बसला. १९०९ च्या वॉकर-ओटिस कायद्याने कॅलिफोर्नियात शर्यतींवर पैसे लावणे गुन्हा ठरले. बेटिंगशिवाय रेसकोर्स चालवणे म्हणजे देव नसलेल्या गावात जत्रा भरवणे. मैदान मोकळे, सपाट आणि रिकामे, त्यामुळे दुसरे पाहुणे आले. १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन इली या वैमानिकाने इथूनच कर्टिस बनावटीचे विमान उडवले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उभ्या असलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर उतरवले. जहाजावर विमान उतरण्याची ही पहिली वेळ. विमान थांबवायला डेकवर आडव्या दोऱ्या ताणून त्यांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि विमानाच्या खाली आकडे लावले होते. थोड्या वेळाने इली तसाच उडून टॅनफोरानला परतला.

१९३३ मध्ये मतदारांनी बेटिंग पुन्हा कायदेशीर केले आणि शर्यती परतल्या. पुढे अमेरिकाभर गाजलेला सीबिस्किट हा घोडा काही काळ इथल्या तबेल्यात होता. हे लक्षात ठेवा, कारण या घोड्याचा पुतळा या गोष्टीत पुढे येणार आहे.

१९४२: सोय म्हणून घेतलेला निर्णय

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरून कोणालाही हलवण्याचा अधिकार लष्कराला मिळाला. प्रत्यक्षात हलवले गेले ते जपानी वंशाचे सुमारे १,२०,००० लोक. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक. कोणावरही वैयक्तिक आरोप नव्हता.

कायमच्या छावण्या दूर ओसाड भागांत बांधायच्या होत्या आणि त्या तयार नव्हत्या. लोकांना मात्र काही आठवड्यांत घराबाहेर काढायचे होते. मधल्या काळासाठी लष्कराने जत्रांची मैदाने आणि रेसकोर्स घेतले. हिशेब सरळ होता. शहराजवळची जागा, पाण्याची आणि विजेची जोडणी, भोवती कुंपण, डोक्यावर छप्पर. लॉस एंजेलिसजवळच्या सँटा अनिता रेसकोर्सवर अठरा हजारांहून अधिक माणसे ठेवली गेली. उत्तरेत टॅनफोरान.

२८ एप्रिल १९४२ रोजी पहिले लोक आत आले. गर्दी वाढत ७,८१६ वर पोहोचली. काहींना नव्या बराकी मिळाल्या, पण अनेक कुटुंबांच्या वाट्याला घोड्याचे ठाण आले: नऊ-दहा फूट रुंद, वीस फूट लांब. मागच्या अर्ध्या भागात घोडा बांधत, पुढच्या भागात चारा ठेवत. शेणाने माखलेल्या फळ्यांवर लिनोलियम अंथरलेले आणि भिंतींवर घाईघाईने चुना फासलेला. चुन्याखाली घोड्याचे केस आणि कोळ्याची जाळी तशीच. दोन ठाणांमधली भिंत छपरापर्यंत पोहोचत नसे, त्यामुळे एका टोकाला तान्हे मूल रडले की रात्री अख्खी पागा जागी होई.

अशा जागेतही माणसांनी दिवस उभे केले. बर्कलीच्या विद्यापीठात चित्रकला शिकवणारे चिउरा ओबाता यांनी मे महिन्यातच कलाशाळा सुरू केली आणि तिथे सहाशेहून जास्त विद्यार्थी शिकले. मैदानाच्या मधोमध तळे खोदून बाग केली गेली. छावणीचे साप्ताहिक निघे, त्याचे नाव ‘टॅनफोरान टोटलायझर’. टोटलायझर किंवा टोट म्हणजे काय हे शर्यतींच्या नादी लागलेल्या माणसाला सांगावे लागत नाही: कोणत्या घोड्यावर किती पैसे लागले ते दाखवणारा फलक. तबेल्यात राहणाऱ्या संपादकांनी मुद्दाम निवडलेला हा विनोद मला त्या काळातल्या कोणत्याही निवेदनापेक्षा बोलका वाटतो.

स्थानबद्धतेचा आदेश न पाळल्याबद्दल अटक झालेले फ्रेड कोरेमात्सू यांनाही इथेच आणले गेले. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८ डिसेंबर १९४४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ते हरले. त्यांची शिक्षा रद्द व्हायला १९८३ उजाडले.

१३ ऑक्टोबर १९४२ पर्यंत छावणी रिकामी झाली. बहुतेकांना आगगाडीने युटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत नेले. जागा नौदलाने वापरली. युद्ध संपल्यावर शर्यती पुन्हा सुरू झाल्या.

पेच

१९६४ मध्ये शर्यती कायमच्या थांबल्या आणि ३१ जुलैला लागलेल्या आगीत प्रेक्षकांचा मोठा लाकडी स्टँड जळून गेला. विमानतळ हाकेच्या अंतरावर, एल कॅमिनो रिअल हा जुना हमरस्ता दाराशी, भोवती झपाट्याने वाढणारी उपनगरे. अशा जमिनीवर १९६० च्या दशकात मॉल येणे हे जवळजवळ ठरलेलेच होते. १९७१ मध्ये टॅनफोरान पार्क शॉपिंग सेंटर सुरू झाले. मोठी दुकाने, आणि त्यांच्या भोवती पार्किंगचा समुद्र.

इथे खलनायक शोधत बसू नये. आग लागली तेव्हा ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदाच नव्हता. तो १९६६ मध्ये आला. कॅलिफोर्नियाचा पर्यावरण कायदा १९७० चा, आणि खासगी बांधकामांनाही तो लागू होतो हे ‘फ्रेंड्स ऑफ मॅमथ’ खटल्यात १९७२ मध्ये ठरले. म्हणजे मॉल उघडल्यावर एका वर्षाने. विकासकाला इतिहासाबद्दल विचारणारा कागद प्रक्रियेत कुठेच नव्हता.

मागणी करणारेही नव्हते. छावणीतून परतलेली पिढी घरातसुद्धा त्याबद्दल बोलत नसे. मुलांना ‘कँप’ हा शब्द माहीत असे, त्यामागचे काही नाही. माफी आणि भरपाई मागणारी न्यायाची चळवळ उघडपणे उभी राहिली ती १९७० च्या दशकात. १९७८ मध्ये सिएटल परिसरातल्या लोकांनी पहिला स्मरणदिन पाळला तेव्हा शेकडो मोटारींचा ताफा पुयॅलपच्या जत्रेच्या मैदानावर गेला. त्या मैदानावरही १९४२ मध्ये छावणी होती, आणि जत्रा अजून भरत असल्यामुळे ते मैदान जागेवर होते. टॅनफोरानला ताफा गेला असता तर तो मॉलच्या पार्किंगमध्ये उभा राहिला असता.

म्हणून पेच असा: स्मरणाची इच्छा जागी झाली तेव्हा वास्तू जळून गेलेली, जमीन खासगी मालकीची, आणि मालकाचा धंदा गिऱ्हाईक खुशीत ठेवण्यावर चालणारा. कपडे घ्यायला आलेल्या माणसाने दारातच ‘इथे माणसे तबेल्यात कोंडली होती’ असे वाचावे, ही कोणत्याही मॉलच्या व्यवस्थापकाची पहिली पसंती नसते.

एक गोष्ट मात्र नकळत बरोबर झाली. विकासकाने जुने नाव ठेवले. त्या काळातल्या मॉलना टेकड्या, कुरणे आणि झाडांची नावे देण्याची पद्धत होती. तसे काही नाव इथे लागले असते, तर आजोबांच्या ओळखपत्रावरचा ‘टॅनफोरान’ आणि बसच्या पाटीवरचा ‘टॅनफोरान’ यांची सांगड नातवंडांना घालता आली नसती. व्यापारासाठी राखलेल्या नावाने हा धागा तीस-चाळीस वर्षे तुटू दिला नाही.

समोर असलेले पर्याय

या जागी काही उभारायचे तर ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, सरकारी नोंद. कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ९३४ या एकाच क्रमांकाखाली राज्यातल्या अशा तात्पुरत्या छावण्या एकत्र नोंदवल्या आहेत. नोंद झाली, हे महत्त्वाचेच. पण अशी नोंद मालकाला काही करायला भाग पाडत नाही. फलक लागतो. तो कुठे लागेल, किती मोठा असेल, समोर गाडी उभी राहिली तर दिसेल का, हे सगळे जागेच्या मालकाच्या मर्जीवर.

दुसरी वाट मॉलच्या आत. मूळ जागेवरच स्मारक, यापेक्षा भावनेला पटणारे दुसरे काय असणार? शिवाय २००० नंतर मॉलची मोठी दुरुस्ती झाली आणि २००५ मध्ये तो ‘द शॉप्स ॲट टॅनफोरान’ या नव्या नावाने उघडला, म्हणजे आराखडा बदलण्याची संधी खरोखरच आली होती. या वाटेने फलक आणि थोडी जागा मिळाली. मॉलच्या आवारात ब्राँझचा देखणा पुतळा मात्र उभा राहिला तो सीबिस्किटचा. माझी तक्रार घोड्याबद्दल नाही. तो गुणी घोडा होता आणि इथे राहिलाही होता. पण त्याच तबेल्यांत राहिलेल्या हजारो माणसांना फलक आणि घोड्याला पुतळा, या क्रमातून व्यापारी जागेची आवड कळते: मालकाला इतिहासाचे वावडे नसते, त्यातला सोयीचा भाग तो आनंदाने मिरवतो.

तिसरी वाट तशी अचानक उघडली. २२ जून २००३ रोजी बार्ट या उपनगरी रेल्वेचे सॅन ब्रुनो स्थानक मॉलला लागूनच सुरू झाले. स्थानक सार्वजनिक संस्थेचे. तिच्या संचालकांना लोक निवडून देतात. त्यांच्या बैठकीत जाऊन बोलता येते आणि निर्णयाची नोंद राहते. मॉलचा मालक बदलला तरी स्थानक तिथेच राहते. शिवाय रोज येणारे-जाणारे लोक गाडीची वाट पाहत थांबतात, म्हणजे वाचायला त्यांच्याकडे वेळ असतो. दुकानात शिरणाऱ्याकडे तो नसतो.

उणी बाजूही होती. स्थानक मूळ आवाराच्या कडेला आहे. ‘इथेच ती पागा होती’ असे बोट दाखवून सांगता येत नाही. स्थानकावर जागा मागणे म्हणजे मॉलला मोकळे सोडणे, असाही त्याचा अर्थ होतो. या आक्षेपात तथ्य आहे. त्याकडे पुढे परत येऊ.

काय केले गेले

सुरुवात छायाचित्रांनी झाली आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. २०१२ मध्ये सॅन ब्रुनो स्थानकात प्रदर्शन लागले. त्यात डोरोथिया लँग यांची १९४२ ची छायाचित्रे होती. लँग यांना हे काम सरकारनेच दिले होते, पण फोटोंमध्ये जे दिसले ते लष्कराला रुचले नाही आणि युद्ध संपेपर्यंत ते दाबून ठेवले गेले. सोबत पॉल किटागाकी यांनी काढलेली आजची छायाचित्रे होती. किटागाकींच्या स्वतःच्या आजी-आजोबांचा आणि वडिलांचा फोटो लँग यांनी काढला होता. जुन्या फोटोंतली माणसे आणि त्यांचे वंशज शोधून त्यांनी पुन्हा चित्रित केले.

भिंतीवर फोटो लावायला भूसंपादन लागत नाही, पाया खणावा लागत नाही आणि खर्चही आवाक्यात राहतो. पण त्यामुळे तीन गोष्टी झाल्या. रेल्वे संस्थेला या विषयाची सवय झाली. ज्यांचे आई-वडील इथे होते ते लोक स्थानकात येऊ लागले, एकमेकांना भेटू लागले. आणि पुढे पैसे मागताना दाखवायला पूर्ण झालेले काम हाती आले. स्थानबद्धतेच्या जागांसाठी २००६ च्या कायद्याने ३.८ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली होती आणि राष्ट्रीय उद्यान विभाग त्यातून अनुदान देऊ लागला. अर्जदाराने आपल्या वाट्याचा निधी उभारलेला असला, तरच ते मिळते. नुसत्या कल्पनेवर वाटा उभा करणे अवघड असते. लोकांनी पाहिलेल्या प्रदर्शनावर ते जमते.

कायमच्या स्मारकाला त्यानंतर दहा वर्षे लागली. वंशजांच्या स्वयंसेवी समितीने रेल्वे संस्था, शहर आणि देणगीदार यांच्याशी बोलत, थांबत, पुन्हा बोलत ते पुढे नेले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी स्थानकाबाहेरच्या चौकात ते खुले झाले. मध्यभागी दोन लहान मुलींचा ब्राँझचा पुतळा आहे. मे १९४२ मध्ये हेवर्ड इथे बसची वाट पाहणाऱ्या एका कुटुंबाचा लँग यांनी फोटो काढला होता, त्यातल्या या मुली. त्यांच्या कोटांना सामानासारखी चिठ्ठी बांधलेली आहे. जवळच घोड्याच्या ठाणाची आठवण देणारी रचना आहे आणि आत आलेल्यांची नावे कोरलेली आहेत.

नावे कोरण्याचा निर्णय साधा वाटतो, पण त्यासाठी याद्या ताडून पाहाव्या लागतात, जपानी नावांची इंग्रजी वळणे तपासावी लागतात आणि एकही नाव सुटले तर कोणाचे तरी घर दुखावते. ‘सुमारे आठ हजार’ लिहून भागवता आले असते. ज्यांना एकेकाळी कुटुंब-क्रमांकाने ओळखले, त्यांच्या स्मारकावर पुन्हा फक्त आकडा दिला नाही, हे बरे झाले.

निष्पत्ती

स्मारकाची जागा बरोबर निवडली होती की नाही, याचा कस लगेचच लागला. ऑनलाइन खरेदीने मोठ्या मॉलचा पाया आधीच खिळखिळा झाला होता. २०२१-२२ च्या सुमारास ही जमीन जीवविज्ञान कंपन्यांना प्रयोगशाळा आणि कार्यालये पुरवणाऱ्या अलेक्झांड्रिया रिअल इस्टेट इक्विटीज या कंपनीकडे गेली, आणि मॉल पाडून नवे संकुल उभारण्याची चर्चा सुरू झाली. शहराने या पुनर्विकासात किमान १,००० घरांची अपेक्षा ठेवली.

स्मारक मॉलच्या प्रांगणात असते तर ते आता नव्या मालकाच्या आराखड्यातली एक अडचण ठरले असते: हलवायचे का, कुठे, कोणाच्या खर्चाने. सार्वजनिक चौकात असल्यामुळे त्याला धक्का नाही. तेव्हा दुय्यम वाटलेली जागा जास्त टिकाऊ निघाली.

पण दुसरी बाजू आता उघडी पडते. स्मारक बाहेर आहे म्हणून आत काहीच करायला नको, असे नवा विकासक म्हणू शकतो. ‘ते काम झाले आहे, स्थानकावर जाऊन पाहा.’ मूळ जमिनीवरचा हक्क न मागितल्याची किंमत अशा वेळी द्यावी लागते.

वेगळे काय करता आले असते

१९६४ ते १९७१ या काळाला आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पण २००३ ते २००५ चे तसे नाही. तोवर १९८८ चा कायदा झाला होता, सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धाला २०,००० डॉलर दिले होते, आणि छावण्यांचा इतिहास शालेय पुस्तकांत आला होता. मॉलची दुरुस्ती आणि शेजारी नवे स्थानक ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. बांधकामाची परवानगी देताना शहराच्या हातात अटी घालण्याची ताकद असते. पागांच्या रांगा कुठे होत्या हे जुन्या नकाशांवरून फरशीत आखा, प्रवेशद्वारापाशी इतकी जागा कायमची राखून ठेवा, आणि ही अट जमिनीच्या दस्तावर चढवा म्हणजे मालक बदलला तरी ती लागू राहील. हे तेव्हा स्वस्तात झाले असते. दुरुस्ती होऊन गेल्यावर मालकाशी घासाघीस करण्याला उरते ती फक्त विनंती.

दुसरा मुद्दा वेळेचा. १९४२ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस २०२२ मध्ये शंभरीला आला होता. फलक ते प्रदर्शन आणि प्रदर्शन ते स्मारक या प्रवासात प्रौढपणी आत गेलेली जवळजवळ सगळी पिढी संपली. उद्घाटनाला होते ते तिथे लहानपण गेलेले किंवा तिथे जन्मलेले लोक. प्रदर्शनासारखे हलके, कमी खर्चाचे काम स्थानक उघडले त्याच वर्षी झाले असते, तर बरेच जण ते पाहू शकले असते. पूर्ण स्मारकाचा आराखडा आणि निधी तयार होईपर्यंत थांबायचे नसते, हे समितीला कळले होते. पण हे कळणारी समिती उभी राहायलाच वेळ लागला.

पुढचा निर्णय अजून व्हायचा आहे. कॅलिफोर्नियात एवढ्या मोठ्या पुनर्विकासाला पर्यावरण अहवाल लागतो आणि त्यात सांस्कृतिक वारशाचे स्वतंत्र प्रकरण असते. मसुद्यावर लोकांना लेखी हरकती देता येतात आणि प्रत्येक हरकतीला उत्तर देणे बंधनकारक असते. १९७१ मध्ये जो कागद नव्हता तो आता आहे. त्यात विचारायचे प्रश्न नेमके असावेत: पार्किंगच्या डांबराखाली खोदताना जुन्या पायाचे किंवा छावणीच्या वस्तूंचे अवशेष मिळाले तर काम कोण थांबवणार, नव्या रस्त्यांची नावे कोण ठरवणार, आणि जी हजार घरे बांधली जातील त्यांत राहायला येणाऱ्यांना आपण कुठे राहतो हे आपल्या अंगणात कळेल, की त्यासाठी स्थानकापर्यंत जावे लागेल?